भोईर आणि आखूड पडलेली यादी

भोईरांच्या कॅलेंडरात फेब्रुवारी एकतीस दिवसांचा असे.

हे कॅलेंडर ते स्वतः बनवत. आलेखाच्या कागदावर, पट्टी लावून. बारा महिन्यांचे बारा उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात मोजून एकतीस घरं. फेब्रुवारी अठ्ठावीसवर दमला की खालच्या तीन घरांत ते लाल शाईनं 'एनए' लिहीत. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर यांच्या पायाशी एकेक 'एनए'. मी नवीन होते तेव्हा भाबडेपणानं विचारलं, "सर, ती घरं कोरी सोडली तर काय बिघडतं?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "जाधव मॅडम, तुम्ही राहता कुठं?"

"उल्हासनगर. कॅम्प चार."

"आणि तुम्ही हे विचारता? रिकामी जागा कोरी सोडली की काय होतं?"

आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत सोमवारी चार बांबू उभे राहिले होते आणि शुक्रवारी तिथं फरसाणाचं दुकान सुरू झालं होतं.

दत्ताराम भोईर अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे अधिकारी होते. मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उंच, काटकुळा माणूस, खिशाला तीन पेनं. घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेलं. बोलणं एरवी पुस्तकी, पण रागावले की त्यांचा 'ड' घसरून 'र' होई. "वेडे आहात का?" असं म्हणाले तर काळजी नसायची. "वेरं लागलंय का?" असं आलं की सगळी प्रयोगशाळा कामाला लागायची.

आमच्याकडे एकच संगणक होता. बाकी कारखाना त्यावर पत्रं टाइप करी. भोईरांनी मात्र पुण्याच्या एका मित्राकडून सीडीवर संख्याशास्त्राची एक संगणकभाषा मागवली होती. भाषेचं नाव एका अक्षराचं, आर. भोईरांना ते नाव फार आवडलं. "आमच्या घरी बैलाच्या पराणीला आर असायची," ते म्हणत. "ती टोचल्याशिवाय बैल हलत नाही. ही टोचल्याशिवाय डोकं हलत नाही."

या भाषेत दोन याद्या शेजारी शेजारी जोडायची सोय होती. एका बाजूला रंगाच्या पिंपांचे नंबर, दुसऱ्या बाजूला त्यांच्या तपासणीचे आकडे, की झाला तक्ता तयार. भानगड एवढीच, की एक यादी आखूड पडली तर यंत्र थांबत नसे. हे भोईरांनी मला जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून समजावलं.

"या सहा चपात्या. या दोन मिरच्या. आता जोडी लावा."

"दोन चपात्यांना दोन मिरच्या. उरलेल्या चार कोरड्या."

"ते तुमचं-माझं. हे यंत्र काय करतं? तिसऱ्या चपातीला पुन्हा पहिली मिरची देतं. चौथीला पुन्हा दुसरी. आखूड यादी संपली की परत पहिल्यापासून! सहा भागिले दोन बरोबर बसतं, म्हणून चूं करत नाही. मिरच्या चार असत्या तर जरा कुरकुरलं असतं. केलं मात्र तेच असतं."

"पण पहिली मिरची तर आपण खाल्ली."

"तेच!" त्यांनी हातातली चपाती टेबलावर आपटली. "खाल्लेली मिरची पुन्हा वाढतं ते! म्हणून आपण आधीच आखूड यादीच्या खाली एनए लिहायचं. एनए म्हणजे माहिती नाही. शून्य नव्हे. 'नाही' नव्हे. नाही आणि माहिती नाही, यात फरक आहे, मॅडम."

हे शेवटचं वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येई. चहा आहे का विचारलं तर, "नाही नव्हे, माहिती नाही." पाऊस पडेल का, माहिती नाही. त्यांचा एनएचा जप इतका वाढला, की एक दिवस बदलापूरचा जमिनीचा एक दलाल थेट प्रयोगशाळेत आला. आमच्या भागात एनए म्हटलं की लोकांना बिनशेती जमीनच आठवते. त्यात समोरचा भोईर, म्हणजे इथला जुना जमीनवाला.

"साहेब, ऐकलं तुमच्याकडे एनए आहे," तो हळूच म्हणाला. "किती आहे?"

"या महिन्यात सतरा," भोईर मान वर न करता म्हणाले.

"सतरा गुंठे?"

"सतरा ठिकाणी."

दलालाला घाम फुटला. त्यानं खुर्ची जवळ ओढली. "देणार का?"

"देणार कसले? एकेक करून कमी करतोय. गेल्या महिन्यात चाळीस होते."

"बाकीचे कुणाला दिले?"

"कुणाला दिले नाहीत. भरून काढले."

दलाल उठला आणि गेटवर वॉचमनला सांगून गेला, की तुमचे भोईर साहेब तेवीस ठिकाणी भरणी करून मोकळे झाले, कुणाला पत्ताही नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना कारखान्याला पंचवीस वर्षं झाली.

आमचे मॅनेजर चांदानी साहेब उल्हासनगरचे. हौशी माणूस. त्यांनी कुटुंब संमेलन जाहीर केलं. प्रत्येक कामगारानं बायकोला घेऊन यायचं, प्रत्येक जोडीला छातीवर लावायला छापील बिल्ला मिळणार, वर 'श्री. अमुक', खाली 'सौ. तमुक'. बिल्ले संगणकावर करायचे, कारण संगणक आहे हे मुंबईहून येणाऱ्या मालकांना दिसलं पाहिजे. नेमके भोईर तेव्हा काविळीनं घरी होते. काम माझ्यावर आलं.

तीन पाळ्या, प्रत्येकी वीस माणसं. साठ नावं मी टाइप केली. बायकांच्या नावांचे फॉर्म वाटले होते, त्यातले फक्त पहिल्या पाळीचे वीस आले. बाकीचे आले तर येतील म्हणून मी आलेली वीस नावं टाकून ठेवली. ते चाळीस काही आले नाहीत. आदल्या दिवशी चांदानी साहेब डोक्यावर उभे राहिले, "बेटा, छाप दो, छाप दो." मी दोन याद्या जोडल्या आणि कळ दाबली. यंत्रानं चूं केलं नाही. साठाला वीसनं बरोबर भाग जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर पहिल्या पाळीच्या बायका दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीलाही लागल्या.

सुरुवात बॉयलरवर काम करणाऱ्या गणपत म्हात्रेपासून झाली. तो टाचणी लावत असताना त्याच्या बायकोनं बिल्ला वाचला. "शकुंतला कोन?"

"मना काय म्हाईत?" गणपत म्हणाला. या उत्तरावर आजवर कुठल्याही बायकोचं समाधान झालेलं नाही.

शकुंतलाबाई म्हणजे फोरमन शिर्क्यांच्या पत्नी. त्या चार पावलांवर उभ्या होत्या. आपलं नाव एका बॉयलरवाल्याच्या आणि एका ड्रायव्हरच्या छातीवर पाहून त्यांनी पदर खोचला. "एकाचा डबा भरता भरता माझं कंबरडं मोडलंय," त्या गरजल्या, "आणि कंपनीनं अजून दोघं दिले?"

मग जो तो दुसऱ्याचा बिल्ला वाचू लागला. कुणी हसत होतं, कुणी कॉलर धरत होतं. ब्रह्मचारी स्टोअरकीपरला फोरमनच्या मेहुणीचं, म्हणजे पहिल्या पाळीतल्या एकाच्या बायकोचं, नाव आलं होतं आणि तो बिल्ला परत द्यायला तयार नव्हता. मालकांची गाडी आली तेव्हा स्वागताला एकही जोडपं एकमेकांशी बोलत नव्हतं.

"अरे साईं," चांदानी साहेब कपाळाला हात लावून मला म्हणाले, "ये क्या किया? पूरी कंपनी की शादी दोबारा करा दी!"

सोमवारी भोईर पिवळ्या डोळ्यांनी कामावर आले. चांदानींनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात भोईर म्हणाले, "चूक माझी. जोडायचं शिकवलं, थांबायचं शिकवलं नाही."

तुम्ही तर आजारी होता, असं मी म्हणणार होते. त्यांनी टेबलाखाली माझ्या चपलेवर पाय ठेवला.

प्रकरण साधं राहिलं नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीनं निरोप धाडला होता, की ज्या कंपनीला आमच्या घरच्यांची नावं माहीत नाहीत तिच्या जेवणाला आम्ही येणार नाही, ओव्हरटाइमलाही थांबणार नाही. मालक म्हणाले होते, तो संगणक उचला आणि तो चालवणारा गोदामात बसवा. महिन्याभरानं पुन्हा संमेलन, आणि ते नीट झालं तरच पुढचं बघू.

"खाली नुसतं 'सौ.' छापून टाकू," चांदानींनी तोडगा काढला. "किंवा चाळीस नावं मनानं लिही ना. सुनीता, अनिता. किसी की तो होगी."

"वेरं..." भोईरांच्या तोंडून निघालं. त्यांनी ते गिळलं. "साहेब, चार रविवार द्या. चाळीस घरं आहेत. मी विचारून येतो."

मीही गेले. माझ्यामुळे माणूस गोदामात जाणार होता. माझ्याकडे छोटी मोपेड होती, भोईरांकडे काहीच नव्हतं. मागे बसले की त्यांचे गुडघे माझ्या कोपरांना लागत आणि पाय जमिनीला. पोटाशी फाइल धरून ते ताठ बसत. आम्ही शिवमंदिराच्या रस्त्यानं निघालो की बेलाची पानं विकणाऱ्या बायका धंदा थांबवून बघत.

पहिल्याच घरी नवऱ्यानं सांगितलं, "लिहा, सौ. पवार."

"नाव?"

"तेच की. पवार."

"बाईंचं स्वतःचं."

नवरा विचारात पडला. एकोणीस वर्षं तो 'अगं'वर भागवत होता. शेवटी आतून पीठ भरल्या हातांनी बाईच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझं नाव कमल. कशाला हवंय?" भोईरांनी ते लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि 'बरोबर?' असं विचारलं. बाई एवढ्या लाजल्या की आम्हाला चहा घ्यावाच लागला.

कॅम्पात एकीनं विचारलं, "रेशन कार्डावरचं सांगू की खरं?" भोईरांनी खरं लिहिलं. बुद्धनगरातल्या यशोधराबाईंनी फाइल हातात घेऊन स्वतःच नाव लिहिलं. "बापानं हौसेनं ठेवलंय. तुम्ही 'श'चा 'स' कराल." बारवीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात तिसऱ्या पाळीचे वॉचमनकाका ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई.

"दोघींची लिवा," काका म्हणाले.

भोईरांना घाम फुटला. आखूड यादीला औषध होतं, लांब यादीची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. बराच वेळ पेन चावून ते म्हणाले, "काका, मग तुमचं नाव मला दोनदा लिहावं लागेल."

"लिवा की. मना दोनदा जेवाया भेटल ना?"

चौथ्या रविवारी दुपारी एकोणचाळीस घरं झाली, त्यात ब्रह्मचारी स्टोअरकीपरपुढे 'अविवाहित'. तिसऱ्या पाळीच्या यादीत शेवटी ऑफिसातले दोघंतिघं होते, आणि साठावं नाव भोईरांचं स्वतःचं होतं. त्यांच्यापुढचं घर कोरं होतं. तिथं त्यांनी एनएसुद्धा लिहिलं नव्हतं. कारखान्यात सगळे त्यांना सडाफटिंग समजत. मी हसत म्हणाले, "तुमच्यापुढे अविवाहित लिहू ना, सर?"

त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, घातला. "गाडी काढा, मॅडम. धरणाच्या बाजूला अजून एक घर आहे."

बारवीच्या पाण्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला सातआठ घरांची वाडी होती. शेवटच्या घरापुढं एक चाळिशीच्या आतबाहेरची बाई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. भोईर मोपेडवरून उतरले, पायजम्याची माती झटकली आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कंपनीतून आलोय," ते म्हणाले.

"दिसतंय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

भोईरांनी फाइल उघडली. छापील फॉर्म बाहेर काढला. एकोणचाळीस घरी वाचला तसाच त्याच आवाजात वाचला. "संपूर्ण नाव?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तुला म्हाईत नाय?"

"म्हाईत हाय," ते म्हणाले. एकदम घरचं बोलायला लागले. "पन तुज्या तोंडून आयकाचंय. अकरा वर्सं झाली."

ती उठली, आत गेली, तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. त्यांना म्हणाली, "हातपाय धून ये. मागं बावडी हाय, इसरलास काय?" भोईर निमूटपणे फाइल ठेवून मागं गेले.

ते दिसेनासे झाल्यावर ती माझ्याशी बोलली. सहज, शेंगा सोलता सोलता. त्यांना मुलगी झाली होती, पाच महिन्यांची होऊन तापानं गेली. तीन दिवस भोईर वहीत तास आखून ताप लिहीत होते. दोन तास त्यांचा डोळा लागला. मुलगी गेल्यावर ते ती वही मांडीवर घेऊन बसले, त्या दोन कोऱ्या घरांकडे बघत.

"मी रडत व्हते नि ह्यो वही बघं," ती म्हणाली. "मी आयेकडं आले. म्हनलं, येल न्याया. दिवाली झाली, शिमगा झाला. आला नाय. मना वाटलं, त्याला मी नको. त्याला वाटलं असंल, मी त्याच्यावं खुन्नस धरलीय. कुनी कुनाला इचारलंच नाय, बाय."

भोईर ओल्या हातांनी परत आले. फाइल उचलली, पेन उघडलं आणि उभे राहिले.

"सुगंधा," ती म्हणाली. जरा थांबली. "सुगंधा दत्ताराम भोईर."

त्यांनी 'सुगंधा' लिहिलं. पुढचं लिहिताना पेन दोनदा कागदावरून उचललं. शाई चालत नसल्यासारखं त्यांनी ते झटकलं, पण शाई चालत होती, मी पाहिलं.

"बरोबर?" त्यांनी वाचून दाखवत विचारलं.

"बराबर."

"संमेलनाला येणार का?"

"जेवाया काय हाय?"

"पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी," भोईरांनी गंभीरपणे वाचलं.

"जिलबी किती?"

"माणशी दोन."

"तू खातंस दोन? तुला गोड सोसत नाय."

"माझ्या तू खा."

तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. हसली की काय ते मला नीट दिसलं नाही. "बघते," ती म्हणाली.

परत येताना भोईरांनी मागे बसून पोटाशी धरलेली फाइल दोनदा उघडून पाहिली. अंबरनाथ आल्यावर एवढंच विचारलं, "मॅडम, 'बघते' म्हणजे काय समजायचं?"

हे त्यांनी स्वतः शोधायचं होतं.

दुसरं संमेलन झालं. साठ माणसं, पण बिल्ले एकसष्ट, कारण वॉचमनकाकांनी दोन्ही छातीवर लावले आणि दोनदा जेवले. कमलबाई, यशोधराबाई, सगळ्या आल्या. आपलं नाव छापलेलं होतं म्हणून कुणी बिल्ला जेवताना काढून ठेवला नाही. शकुंतलाबाईंनी गणपतच्या बायकोला शेजारी बसवून घेतलं. मालक खूश झाले, संगणक जागेवर राहिला, भोईरांचं गोदाम टळलं. सुगंधाबाई साडेअकराला एसटीनं आल्या, हिरवं लुगडं नेसून. चार जिलब्या खाल्ल्या. कारखाना कसा आहे ते भोईरांनी त्यांना पिंपानं पिंप दाखवलं. अडीचच्या गाडीनं त्या परत गेल्या.

त्या राहायला काही आल्या नाहीत. आई अंथरुणाला खिळली होती, तिला टाकून कशा येणार? पण त्यानंतर रविवारचं काम निघालं तर भोईर सरळ नाही म्हणू लागले. माहिती नाही नव्हे, नाही.

एकदा मी मावशीकडे बदलापूरला गेले होते, तर ते एसटीच्या थांब्यावर उभे दिसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन एकही नाही, हातात सासूच्या औषधांची पिशवी. मला पाहून चोरी पकडल्यासारखे झाले. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बरं झालं भेटलात. माझे केस बरोबर बसलेत का?"

"डावीकडे थोडे उभे आहेत."

त्यांनी शेजारच्या नळावर तळवा ओला केला, डावी बाजू दाबून बसवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. गाडी आली. ती वळणावरून जाताना मी हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. खिडकीच्या काचेत ते पुन्हा केस बघत होते.